अपघात दिसला तर थांबायचे की निघून जायचे? येशूची दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आणि आजचा कायदा काय सांगतो

थोडक्यात
• जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा 'गुड समॅरिटन' या नावाने ओळखला जातो. हे नाव येशू ख्रिस्ताच्या एका गोष्टीतून आले आहे.
• मदत करणाऱ्याला नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही.
• कायद्याने भीती काढून टाकली. थांबायचे की नाही, हा निर्णय मात्र अजूनही आपलाच आहे.

रात्रीचे साडेदहा. तुम्ही चिकलठाण्याहून जालना रोडने शहराकडे निघाला आहात. पुढे दुभाजकाला लागून एक दुचाकी आडवी झाली आहे. शेजारी कोणीतरी पडले आहे. पुढच्या दोन-तीन गाड्यांचा वेग कमी होतो, काचा खाली होतात, पुन्हा वर जातात आणि गाड्या निघून जातात. एक जण मोबाइल काढून व्हिडिओ घेतो आहे. तुमच्या डोक्यात एकाच वेळी चार प्रश्न येतात. पोलिसांचे काय? हॉस्पिटलने पैसे मागितले तर? कोर्टाच्या चकरा कोण मारणार? आणि आपणच ठोकले असे लोकांना वाटले तर?

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना याच रस्त्यावर मी थांबलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सबमिशन होते, मागे मित्र बसला होता आणि "आधीच लोक जमलेत" असे म्हणत आम्ही पुढे गेलो. त्या माणसाचे पुढे काय झाले, ते आजही माहीत नाही. नाताळ जवळ आला, छावणीतल्या चर्चवर रोषणाईची तयारी सुरू झाली आणि डेस्कवर 'येशूची शिकवण आजच्या जगण्यात' असा विषय आला, तेव्हा सगळ्यात आधी तो रस्ता आठवला. कारण येशूची एक गोष्ट नेमकी याच प्रसंगाची आहे. ती देशाच्या कायद्यापर्यंत पोहोचली आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊकही नाही.

गोष्ट नेमकी काय आहे?

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात ही गोष्ट येते. एक धर्मशास्त्री येशूला विचारतो की शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करायचे हे मान्य, पण माझा शेजारी म्हणजे नेमका कोण? येशू व्याख्या सांगत नाही, गोष्ट सांगतो.

एक माणूस यरुशलेमहून यरीहोकडे निघाला होता. लुटारूंनी त्याला गाठले, मारहाण केली, कपडेही काढून घेतले आणि अर्धमेला करून रस्त्यात टाकले. त्या वाटेने एक याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित आला. त्याने पाहिले आणि तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेला. मग मंदिराच्या सेवेतला एक लेवी आला, तोही तसाच गेला. तिसरा आला तो शोमरोनी, म्हणजे समॅरिटन. त्याला कळवळा आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगितले.

हा रस्ता खरा आहे. यरुशलेम डोंगरावर, तर यरीहो समुद्रसपाटीपेक्षाही खाली. साधारण २५ ते ३० किलोमीटरच्या अंतरात हा रस्ता सुमारे एक किलोमीटर खाली उतरतो. कन्नडच्या औट्रम घाटातून रात्री चाळीसगावकडे उतरताना जशी धाकधूक होते, तशीच त्या काळी तिथून जाणाऱ्यांना होत असणार. दिनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांची कमाई अनोळखी माणसासाठी दिली.

'शोमरोनी' हा शब्द इतका महत्त्वाचा का?

आज 'गुड समॅरिटन' म्हटले की भला माणूस असा अर्थ घेतला जातो. गोष्ट ऐकणाऱ्यांच्या कानाला मात्र हे दोन शब्द एकत्र बसणारे नव्हते. ज्यू आणि शोमरोनी यांच्यात शतकांचे वैर होते. खरे पूजास्थान कोणते यावरून वाद होता. एकमेकांची भांडी वापरणे टाळले जात होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो, तेव्हा तीच चकित होते. पाणी आणि भांडे यावरून माणसांची प्रतवारी कशी लावली जाते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला होता.

अशा काळात येशूने गोष्टीचा नायक 'आपल्यातला' घेतला नाही. आपल्यातले दोघे तर पुढे निघून गेले. शेवटी येशू प्रश्नच उलटा करतो. माझा शेजारी कोण, हा प्रश्न बाजूला राहतो आणि या तिघांपैकी जखमीचा शेजारी कोण झाला, असे तो विचारतो. उत्तर देणाऱ्या धर्मशास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दही निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो.

गोष्टीचा कणा हाच आहे. 'शेजारी कोण' असे विचारले की यादी सुरू होते. कोण आपल्या गल्लीतला, कोण आपल्या जातीचा, कोण आपल्या धर्माचा. 'मी कोणाचा शेजारी होणार' असे विचारले की यादीच उरत नाही. आपल्या शहरातही गर्दीत पहिला प्रश्न अनेकदा "कुठला आहे, कोणाचा आहे?" असाच असतो. काही जण आधी गाडीवरचे स्टिकर वाचतात आणि मग माणसाकडे बघतात.

लोक का थांबत नाहीत? फक्त दगडाचे काळीज म्हणून?

नाही. याचा अभ्यास झाला आहे आणि निष्कर्ष आपल्याला थोडे अवघडून टाकणारे आहेत.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी होते. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींचा विषय तर हीच शोमरोन्याची गोष्ट होता. वाटेत एक माणूस दारापाशी मान टाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के आणि खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणजे चांगुलपणाची माहिती असणे आणि थांबणे यांच्या मध्ये घड्याळ उभे असते. माझ्या बाबतीत ते सबमिशनचे होते.

दुसरे कारण गर्दीचे. डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात सहभागींना इंटरकॉमवरून कोणाला तरी झटका आल्याचे ऐकू येत होते. आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्या ८५ टक्के लोकांनी मदतीसाठी वेळेत हालचाल केली. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. "आधीच लोक जमलेत" हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. जमलेला प्रत्येक जण तेच म्हणत असतो.

तिसरे कारण आपल्याकडचे खास. पोलीस आणि कोर्टाची भीती. 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी रस्त्यावरच्या गंभीर जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यातल्या ८८ टक्के लोकांनी कारण दिले ते कायदेशीर कटकटीचे. संस्थापक पीयूष तिवारी यांच्या नात्यातल्या एका लहान भावाचा २००७ मध्ये दिल्लीत अपघाती मृत्यू झाला. तो जखमी होऊन पडला असताना वेळेत मदत मिळाली नव्हती. त्यानंतर ही संस्था उभी राहिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

थांबल्याने खरेच फरक पडतो का?

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाल्याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. आपला जिल्हाही याला अपवाद नाही. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात समृद्धी महामार्गावर मिनी बस ट्रकवर आदळून १२ जण दगावले होते. विधी आयोगाने २००६ च्या २०१ व्या अहवालात म्हटले होते की, पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवता आले तर निम्मे मृत्यू टाळता येऊ शकतात. डॉक्टर ज्याला 'गोल्डन अवर' म्हणतात तो हाच तास. त्याची पहिली काही मिनिटे डॉक्टरांच्या हातात नसतात. ती तिथून जाणाऱ्यांच्या हातात असतात.

कायदा कसा बदलत गेला?

• १९८९ : परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. आधी पोलिसांचे सोपस्कार, मग उपचार, असे चालणार नाही.
• २०१५-१६ : केंद्राने मे २०१५ मध्ये मदत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्याचे बळ दिले.
• २०१९ : मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले.
• २०२० : मदत करणाऱ्याचे हक्क सांगणारे नियम सप्टेंबरअखेर अधिसूचित झाले.

तुमचे हक्क कोणते?

१. नाव सांगण्याची सक्ती नाही. पोलीस, रुग्णालय किंवा अन्य कोणीही तुम्हाला नाव, ओळख, पत्ता देण्यास भाग पाडू शकत नाही. स्वतःहून सांगायचे असेल तर सांगा.

२. खटल्यापासून संरक्षण. सद्भावनेने मदत करताना तुमच्या हातून काही चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला, तरी त्यासाठी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

३. भरतीचे पैसे मागता येत नाहीत. तुम्ही नातेवाईक नसाल तर नोंदणी किंवा दाखल करण्याच्या खर्चासाठी रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. मेडिको-लीगल केसची माहिती पोलिसांना देणे हे रुग्णालयाचे काम आहे.

४. साक्ष तुमच्या मर्जीने. साक्षीदार व्हायला तुम्ही स्वतः तयार असाल तरच जबाब. तोही तुमच्या सोयीच्या वेळी, तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी. अशा वेळी पोलिसांनी साध्या वेशात यायचे आहे.

५. भेदभाव नाही. मदत करणाऱ्याशी धर्म, राष्ट्रीयत्व, जात किंवा लिंग यावरून भेद न करता सन्मानाने वागावे, असे नियमातच लिहिले आहे. गोष्टीतला शोमरोनी आज नियमांच्या पुस्तकात असा शिरला आहे.

हे हक्क रुग्णालयांनी प्रवेशद्वारावर किंवा ठळक जागी स्थानिक भाषेतही लावणे अपेक्षित आहे. पुढच्या वेळी कुठल्याही रुग्णालयात गेलात तर हा फलक शोधून बघा. सेव्हलाइफच्याच २०१८ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांनी असा कायदा ऐकलाच नसल्याचे सांगितले होते.

बक्षीस मिळते, ते खरे का?

हो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने पाच हजार रुपयांची योजना सुरू केली. २०२५ मध्ये 'राहवीर' या नावाने ही रक्कम २५ हजार रुपये झाली. गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये रुग्णालयात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्यासाठी ती आहे. जखमींसाठीही २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजना आली. त्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचाराची तरतूद आहे.

गंमत अशी, की कायद्यातल्या व्याख्येनुसार गुड समॅरिटन म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणारा. बक्षीस चांगलेच आहे, पण २५ हजारांचा हिशेब करून कोणी ब्रेक दाबत नाही.

आणखी एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. अपघातात सामील असलेल्या चालकावर जखमीला मदत मिळवून देण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. रस्त्याने सहज जाणाऱ्या माणसावर मात्र थांबण्याची सक्ती नाही. कायदा थांबणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, पण थांबवू शकत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या दिवशीच्या भाषणात, याच गोष्टीचा आधार घेतला होता. मी थांबलो तर माझे काय होईल, हा पहिल्या दोघांचा प्रश्न होता आणि मी थांबलो नाही तर याचे काय होईल, हा शोमरोन्याचा, असा त्यांचा रोख होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता कायद्याने देऊन टाकले आहे.

शोमरोन्याने किती केले?

अनेकांना वाटते की एकदा थांबलो की गळ्यातच पडणार. गोष्ट नीट वाचली तर शोमरोन्याने आपला प्रवास रद्द केलेला नाही. त्याने प्रथमोपचार केले, सुरक्षित जागी पोहोचवले, एक रात्र दिली, पैसे दिले, पुढची काळजी उतारशाळेवाल्याकडे सोपवली आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला गेला. परत येताना जास्तीचा खर्च देण्याचा शब्द तेवढा दिला. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचे तर हे व्यवस्थित 'हँडओव्हर' आहे. सगळे एकट्याने करायचे नाही, पण साखळी आपल्यापाशी तुटू द्यायची नाही. आज उतारशाळेच्या जागी १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि आपली घाटी आहे. आपल्याला मधला दुवा व्हायचे आहे.

ही शिकवण आपल्या भागात कोणी राबवली?

याचे उत्तर फार लांब नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातले, बीडच्या सीमेजवळचे जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दाम्पत्य. वेल्लोरला वैद्यकीय आणि अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये दुष्काळी जामखेडमध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यामागे त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही.

दवाखाना थाटून रुग्णांची वाट बघत ते बसले नाहीत. गावांनीच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्यांच्याच हातून गावातली बाळंतपणे होऊ लागली. दुष्काळात हातपंप घेताना ते दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले. मग पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथे यावे लागले.

आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'जामखेड मॉडेल' जगभर अभ्यासले गेले. मेबल यांचे १९९९ मध्ये, तर रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले. गोष्टीशी नाते जोडायचे तर इथे शोमरोनी फक्त डॉक्टर नव्हते. ज्यांना गावाने शेजारी मानले नव्हते, त्या बायकाच गावाच्या शेजारी झाल्या.

रस्त्याबाहेर याचा अर्थ काय?

जखमी माणूस दर वेळी रस्त्यावरच पडलेला नसतो. स्पर्धा परीक्षेसाठी शहरात आलेल्या मुलाला आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, तेव्हा आपण काय बोलतो? सोसायटीच्या वॉचमनला उन्हात पाणी विचारतो का? ग्रुपवर एखाद्या समाजाविषयी विखारी फॉरवर्ड येतो, तेव्हा "आपल्याला काय करायचे" म्हणत अंगठ्याने वर सरकवणे हेही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जाणेच आहे. यासाठी कोणी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. गोष्टीतला शोमरोनीही येशूचे ऐकणाऱ्यांच्या धर्मगटातला नव्हता.

अपघात दिसला तर नेमके काय कराल?

• आधी स्वतः सुरक्षित राहा. गाडी कडेला घ्या, इंडिकेटर सुरू ठेवा, मागून येणाऱ्या वाहनांना इशारा द्या.
• १०८ किंवा ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. किलोमीटरचा दगड, जवळचा फाटा किंवा पूल सांगा. फोन स्पीकरवर ठेवून सूचना ऐका.
• गर्दीला "कोणीतरी फोन करा" असे म्हणू नका. बोट दाखवून सांगा, "निळा शर्ट, दादा, तुम्ही फोन लावा."
• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.
• आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला ओढू-उचलू नका, मान हलवू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.
• व्हिडिओ घेऊ नका. जखमीच्या फोनवरून घरच्यांना कळवता आले तर कळवा.
• रुग्णवाहिका आली की काय पाहिले ते सांगा. मग तुम्ही जाऊ शकता.

मी आता घरी जाताना जालना रोडच धरतो. गाडीच्या डिकीत एक जाड सुती पंचा, हातमोजे आणि टॉर्च असतो. अजून वापरायची वेळ आलेली नाही. पण त्या रात्री 'आधीच लोक जमलेत' म्हणणारा मित्र परवा भेटला. त्याला हे नियम दाखवले. त्याने ते वाचले, स्क्रीनशॉट घेतला आणि थोडा वेळ थांबून विचारले, "तो वाचला असेल का रे?"